ग्रँड कॅनियन आकाशातून बघायचंय? मग आधी हे विचारा

पातळी ४ : वाचन, संवाद आणि स्वाध्याय

वाचण्यापूर्वी

पाठ वाचायला घेण्याआधी या प्रश्नांवर घरी दोन मिनिटं बोला. उत्तरं मराठीत द्या.
१. तुम्ही कधी डोंगराच्या कड्यावरून खाली दरीत पाहिलं आहे का? कसं वाटलं?
२. तुमच्या घरात लांबच्या सहलीचा बेत कोण ठरवतं?
३. घरातल्या मोठ्या माणसांना एखादी गोष्ट नको असेल, तर ती सरळ ‘नको’ म्हणतात का?

पाठ



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सुट्टीत भारतातून आजी-आजोबा येतात. मग त्यांना काय काय दाखवायचं याची यादी होते. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या यादीत ग्रँड कॅनियनचं नाव बहुतेक असतंच. दुसऱ्या देशांत राहणारी कुटुंबंही एकदा तरी तिथे जायचं ठरवतात. यादी झाली की कोणीतरी म्हणतं, “विमानातून बघू या ना!” इंटरनेटवर शोधायचं काम तुमच्याकडे येतं, कारण घरात सगळ्यांत भरभर इंग्रजी तुम्ही वाचता. ते वाचलेलं आजी-आजोबांना समजावून सांगायचं कामही तुमच्याचकडे येतं, आणि ते मात्र मराठीत करावं लागतं. हा पाठ त्या दुसऱ्या कामासाठी आहे.

आधी जागेची ओळख करून घेऊ. ग्रँड कॅनियन अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात आहे. कोलोरॅडो नदीने लाखो वर्षं जमीन कापत ही दरी तयार केली. अशा खोल, उभ्या कडांच्या दरीला मराठीत ‘घळई’ म्हणतात. आमच्या शाळेच्या भूगोलात हा शब्द होता. तुम्हाला नवा असेल, तर आज शिकून घ्या. ही घळई नदीच्या मार्गाने मोजली तर ४४६ किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी ती २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरपेक्षा जास्त खोल आहे. १९१९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा स्थळ म्हटलं.

एवढी मोठी जागा एका सहलीत सगळी दिसत नाही. विमानातूनसुद्धा दिसत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी काही प्रश्न विचारायचे. माझ्या कामात आम्ही कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना आधी आपली गरज कागदावर लिहितो आणि किंमत नंतर बघतो. इथेही तसंच करू या.

पहिला प्रश्न : कोणत्या भागावरून नेणार?

जाहिरातीत सगळीकडे एकच नाव असतं, ‘ग्रँड कॅनियन’. पण त्या नावाखाली निदान दोन वेगळ्या जागा विकल्या जातात.

एक आहे दक्षिण काठ. हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग. फोटोत आणि कॅलेंडरवर आपण बहुतेक वेळा जी खूप रुंद, तांबूस थरांची दरी बघतो, ती इथली. उद्यानाच्या दक्षिण प्रवेशद्वाराजवळ टुसायान नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या विमानतळावरून विमानं आणि हेलिकॉप्टरं उडतात.

दुसरा आहे पश्चिम भाग. ही जागा राष्ट्रीय उद्यानात येत नाही. ती वालापाई नावाच्या मूळ रहिवासी लोकांची जमीन आहे आणि तिथलं पर्यटनही तेच चालवतात. २००७ साली सुरू झालेला काचेचा पूल, म्हणजे स्कायवॉक, इथेच आहे. इथे दरी दक्षिण काठाच्या मानाने अरुंद आणि कमी खोल आहे. पण लास व्हेगासहून हा भाग जवळ पडतो. शिवाय इथे हेलिकॉप्टर दरीत खाली उतरू शकतं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पर्यटकांच्या विमानांना काठाच्या खाली उतरायला परवानगी नाही.

यात एक जागा चांगली आणि दुसरी वाईट असं काही नाही. पण आजोबांच्या मनात कॅलेंडरवरचं चित्र असेल आणि तुम्ही त्यांना पश्चिमेकडे नेलंत, तर ते घरी आल्यावर हळूच विचारतील, “ती मोठी दरी कुठे राहिली?” तेव्हा उत्तर देण्यापेक्षा आधीच नीट विचारलेलं बरं.

दुसरा प्रश्न : कुठून उडणार आणि प्रत्यक्ष दरीवर किती वेळ?

लास व्हेगासहून दक्षिण काठ रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर आहे. गाडीने जायला साडेचार तास तरी लागतात. पश्चिम भाग साधारण २०० किलोमीटरवर आहे. म्हणून बरेच लोक लास व्हेगासजवळच्या बोल्डर सिटीसारख्या विमानतळावरून उडतात. त्या वाटेवर हूव्हर धरण आणि लेक मीड हा मोठा जलाशयही वरून दिसतो. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या एखाद्या आजोबांना कदाचित दरीपेक्षा धरणच जास्त आवडेल!

पण इथे नीट लक्ष द्या. जाहिरातीत ‘सात तासांची सहल’ असं लिहिलेलं असतं. त्या सात तासांत हॉटेलवरून नेणं-आणणं, विमानतळावर थांबणं, वजन करणं, बस, जेवण असं सगळं येतं. म्हणून तीन वेगवेगळे आकडे विचारा. सगळी सहल किती तासांची? हवेत किती मिनिटं? आणि त्यातली प्रत्यक्ष दरीवर किती मिनिटं? टुसायानहून उडणारं विमान साधारण ४० ते ५० मिनिटं हवेत असतं. हेलिकॉप्टरची छोटी फेरी २५ ते ३० मिनिटांची असते, मोठी ४५ ते ५० मिनिटांची.

घड्याळाचीही एक गंमत आहे. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, लास व्हेगास मात्र करतं. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते, पण हिवाळ्यात अ‍ॅरिझोना एक तास पुढे असतं. डिसेंबरात गेलात, तर ‘सकाळी ९’ म्हणजे कुठले ९ हे विचारून घ्या. तासाभराच्या चुकीने विमान निघून जाईल आणि पैसे परत मिळतीलच असं नाही.

तिसरा प्रश्न : विमान की हेलिकॉप्टर?

इथली पर्यटक विमानं छोटी असतात. काहींत नऊ-दहा माणसं बसतात, काहींत एकोणीस. त्यांचे पंख खिडक्यांच्या वर असतात. त्यामुळे खाली बघताना पंख मध्ये येत नाही. विमान बहुतेक वेळा हेलिकॉप्टरपेक्षा स्वस्त पडतं आणि तेवढ्याच वेळात जास्त अंतर दाखवतं. प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे मात्र विचारून घ्या.

हेलिकॉप्टरमध्ये सहा-सात प्रवासी बसतात. समोरची काच मोठी असल्यामुळे काठ ओलांडून दरी अचानक उघडते, तो क्षण फार छान दिसतो. पण पुढची जागा मागून मिळत नाही. कोण कुठे बसणार हे वजनाप्रमाणे ठरतं. नातवाला आजीशेजारी बसायचं असेल, तरी तसं होईलच असं नाही. एखाद्याच्या वाट्याला मधली जागाही येऊ शकते.

दोन्हींतल्या फोटोंसाठी एक सोपी युक्ती सांगतो. गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा किंवा पिवळाधमक शर्ट घातला, तर काचेत त्याचंच प्रतिबिंब पडतं आणि दरीच्या फोटोत तुमचा शर्ट येतो!

चौथा प्रश्न : सकाळी की दुपारी?

उन्हं वर आली की खडक तापतात. तापलेली हवा वर उठते आणि छोटं विमान हलायला लागतं. म्हणून ज्यांना गाडीत किंवा घाटात मळमळतं, त्यांच्यासाठी सकाळची वेळ बरी. पोट अगदी रिकामंही नको आणि गच्च भरलेलंही नको. मळमळीची गोळी घ्यायची असेल तर ती उडण्याच्या बऱ्याच आधी घ्यावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून.

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तिथे पावसाचे दिवस असतात. गंमत म्हणजे अ‍ॅरिझोनातले लोकही त्याला ‘मान्सून’च म्हणतात. पण कोकणातल्यासारखी दिवसभर संततधार नसते. सकाळ स्वच्छ असते, दुपारी ढग येतात, गडगडाट होतो, विजा चमकतात. अशा हवेत वैमानिक उडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा कंपनीला विचारा : हवेमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत देणार का? की दुसऱ्या दिवशी नेणार? तुमचा मुक्काम एकाच दिवसाचा असेल, तर दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाचा काही उपयोग नाही.

पाचवा प्रश्न : वजन कशाला विचारतात?

तिकीट काढताना प्रत्येकाचं वजन लिहावं लागतं आणि तिथे गेल्यावर काट्यावर उभंही करतात. यात कोणाचा अपमान नाही. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. म्हणजे तुम्ही जमिनीवर उभे असलात तरी कळसूबाईच्या वर असता! एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. उन्हाळ्यात ती तापून आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते. म्हणून विमानात किती वजन आहे आणि ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे कसं वाटलं आहे, हे वैमानिकाला नेमकं कळावं लागतं.

त्यामुळे वजन कमी करून सांगू नका. कपडे, बूट, कॅमेरा धरून सांगा. आजी किलोत सांगेल आणि कंपनी पौंडात विचारेल. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. ठरावीक वजनापेक्षा जास्त असेल तर काही ठिकाणी जादा पैसे किंवा दुसरी जागा घ्यावी लागते. तेही आधी विचारून ठेवा, म्हणजे तिकीट-खिडकीसमोर कोणाला संकोच वाटणार नाही.

सहावा प्रश्न : सुरक्षित आहे का?

हा प्रश्न आजी पहिला विचारेल. तिला ‘हो गं, काही होत नाही’ एवढंच सांगू नका. थोडा इतिहास सांगा.

३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅनियनवर दोन मोठी प्रवासी विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसं गेली. त्या काळी एवढ्या मोकळ्या आकाशात विमानांवर जमिनीवरून सतत लक्ष ठेवायची सोय नव्हती. या अपघातानंतर अमेरिकेत मोठी चर्चा झाली आणि १९५८ साली विमान वाहतुकीसाठी नवा कायदा होऊन वेगळी सरकारी यंत्रणा उभी राहिली. पुढे १८ जून १९८६ रोजी पर्यटकांचं एक विमान आणि एक हेलिकॉप्टर याच दरीवर आदळलं. त्यात २५ जण गेले. १९८७ साली कायदा झाला आणि १९८८ साली इथल्या आकाशासाठी खास नियम आले. आता पर्यटक विमानांना ठरलेल्या वाटेनेच जावं लागतं. विमानांची उंची वेगळी, हेलिकॉप्टरांची वेगळी. उद्यानाच्या बऱ्याच मोठ्या भागावर तर त्यांना उडायलाच बंदी आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पश्चिम भागात एक हेलिकॉप्टर पडलं, त्याला आग लागली आणि पाच जण गेले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने नव्याने बनणाऱ्या हेलिकॉप्टरांत सहज न फुटणारी इंधनाची टाकी सक्तीची केली. जुन्या हेलिकॉप्टरांचं काय, हा प्रश्न तुम्ही कंपनीला विचारू शकता : “तुमच्या हेलिकॉप्टरात आदळल्यावर न फुटणारी इंधनाची टाकी आहे का?” चांगली कंपनी या प्रश्नाने रागावत नाही. ती सरळ उत्तर देते. अमेरिकेत विमान अपघातांच्या चौकशीची माहिती सरकार सगळ्यांसाठी खुली ठेवतं. कंपनीचं नाव घालून ती माहितीही शोधता येते.

धोका शून्य कधीच नसतो. पण नियम का आले हे माहीत असलं की भीती थोडी कमी होते आणि प्रश्न नेमके विचारता येतात.

सातवा प्रश्न : आजी-आजोबांना खरंच जायचं आहे का?

हा प्रश्न कंपनीला नाही, घरात विचारायचा आहे. आणि तो सगळ्यांत अवघड आहे.

आपली मोठी माणसं मुलांच्या घरी पाहुणी म्हणून आली, की सहसा ‘नको’ म्हणत नाहीत. त्यांचे शब्द नीट ऐका. ‘चालेल’ याचा अर्थ ‘हो, मला आवडेल’ असा असतो, तसाच ‘तुम्ही ठरवलंय तर मी मोडता घालत नाही’ असाही असतो. ‘बघू’ म्हणजे पुष्कळदा ‘नको’. ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथे’ याचा अर्थ ‘मला भीती वाटते’ असू शकतो किंवा ‘माझ्यासाठी एवढे पैसे घालवू नका’ असाही असू शकतो. शब्द तेच, अर्थ दोन. शब्दकोशात हे सापडत नाही. ते विचारूनच कळतं.

म्हणून ‘जायचं ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात ‘हो’ आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी असं विचारा : “आजी, तुला कशाची काळजी वाटते? उंचीची, हलण्याची, की पैशांची?” मग ती मोकळेपणाने सांगेल.

तब्येतीचंही विचारा. या छोट्या विमानांत मोठ्या विमानांसारखी हवेचा दाब राखायची सोय नसते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, कानाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. पायऱ्या चढता येत नसतील, तर विमानात चढायला काय सोय आहे तेही विचारा.

न उडणं हाही एक पर्याय

दक्षिण काठावर पक्की पायवाट आहे, ठिकठिकाणी कठडे आहेत, बसायला बाकं आहेत आणि उद्यानाच्या मोफत बसही आहेत. तिथे बसून सूर्यास्त बघायला उद्यानाच्या प्रवेश शुल्कापेक्षा वेगळे पैसे पडत नाहीत. उन्हं कलतात तसे खडकांचे रंग बदलत जातात. विमानात पाऊण तासात जे मागे पडतं, ते इथे बसून हवा तितका वेळ बघता येतं.

दरीत माणसंही राहतात. हावासुपाई लोकांचं सुपाई नावाचं गाव दरीच्या आत आहे. तिथपर्यंत गाडीरस्ता नाही, अजूनही टपाल खेचरांवरून जातं. वरून जाणाऱ्या यंत्रांचा आवाज खाली दरीत घुमतो. १९८७ च्या कायद्यामागे दरीतली शांतता परत आणायची हेही एक कारण होतं. उडायचं ठरवलंत, तर कमी आवाजाचं विमान किंवा हेलिकॉप्टर कोणाकडे आहे, हेही विचारून बघा.

वर असा किंवा काठावर, आजोबांना एक गोष्ट नक्की सांगा. सह्याद्रीचे कडेही थराथरांचे दिसतात आणि ही दरीही थराथरांची. पण सह्याद्रीचे थर लाव्हारसाचे आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथले बहुतेक थर जुन्या समुद्रांच्या, वाळवंटांच्या आणि नद्यांच्या गाळाचे आहेत. दक्षिण काठावर आपण ज्या खडकावर उभे राहतो, तो सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत नवा थर. तोच सुमारे २७ कोटी वर्षांचा आहे. तळाचा काळसर खडक तर १७० कोटी वर्षांहून जुना. म्हणजे इथला सर्वांत ‘तरुण’ खडकसुद्धा सह्याद्रीच्या खडकापेक्षा कितीतरी म्हातारा! ज्यांनी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिला आहे, त्या आजोबांकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ असेल. तुम्ही फक्त सुरुवात करून द्या.

संवाद

(दोघांनी किंवा तिघांनी मिळून मोठ्याने वाचा.)

नात : आजी, ग्रँड कॅनियनला छोट्या विमानातून दरी बघता येते. तुला बसायला आवडेल?
आजी : चालेल की. तुम्ही म्हणाल तसं.
नात : तसं नाही गं. खरं सांग, कशाची काळजी वाटते?
आजी : अगं, ते विमान एवढंसं. हलणार किती!
नात : थोडं हलतं. दुपारी जास्त हलतं, म्हणून आपण सकाळचं घेऊ या.
आजोबा : किती वेळ असतं?
नात : हवेत पाऊण तास. मी विचारून घेतलंय.
आजोबा : आणि तिकीट केवढ्याचं? रुपयांत सांगू नकोस, नाहीतर ही आत्ताच नको म्हणेल.
आजी : मला कळतं हो डॉलरचं पण!
नात : आजी, एक विचारू? तिथे प्रत्येकाचं वजन लिहावं लागतं. विमानाचा तोल साधायला.
आजी : इश्श! बरं, लिही पासष्ट.
नात : बूट, स्वेटर, पर्स धरून?
आजी : मग अडुसष्ट लिही बाई. पर्समध्ये डबा असतो.
आजोबा : माझ्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट घातलाय. चालेल का मला?
नात : आजोबा, ते तुमच्या डॉक्टरांना विचारू या. ते हो म्हणाले तरच तिकीट काढायचं.
आजोबा : आणि नाही म्हणाले तर?
नात : तर आपण दोघं काठावर बसू. मला तुमच्याकडून कोकणकड्याची गोष्ट ऐकायचीय.
आजी : मग मीही काठावरच बसते.
नात : भीती वाटते म्हणून, की आजोबा एकटे पडतील म्हणून?
आजी : (हसून) दोन्ही गं! पण ते डॉक्टर हो म्हणाले, तर मी येते. तुझ्या शेजारी बसवशील ना?
नात : विमान घेतलं तर विचारून बघते. हेलिकॉप्टरमध्ये आपल्या हातात नसतं.

भाषेकडे लक्ष द्या : पुष्कळ घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात. काही घरांत दोघांनाही ‘तुम्ही’ किंवा दोघांनाही ‘तू’ म्हणतात. तुमच्या घरात जे चालतं तेच ठेवा आणि क्रियापद त्याप्रमाणे बदला : तू सांग, तुम्ही सांगा.

शब्दार्थ

घळई : नदीने खोल कापलेली, उभ्या कडांची दरी
काठ : कडेचा भाग (नदीचा काठ, दरीचा काठ, साडीचा काठ)
कडा : डोंगराची उभी, सरळ बाजू
कठडा : माणूस पडू नये म्हणून कडेला केलेला आडोसा
जलाशय : धरणामुळे साठलेलं मोठं पाणी
विरळ : दाट नसलेलं
उचल : वर उचलणारा जोर
तोल : दोन्ही बाजूंना सारखं वजन असण्याची स्थिती
संततधार : न थांबता पडणारा पाऊस
संकोच : मनात वाटणारी लाज, अवघडल्यासारखं होणं
खेचर : गाढव आणि घोडा यांपासून झालेला प्राणी
सक्तीचं : करावंच लागणारं

वाक्प्रचार

मोडता घालणे : दुसऱ्याच्या ठरलेल्या कामात अडथळा आणणे
जीव मुठीत धरणे : खूप घाबरून, कसंबसं एखादं काम करणे
डोळ्यांचे पारणे फिटणे : बघून मन अगदी तृप्त होणे
खिशाला कात्री लागणे : बराच खर्च होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरं लिहा.
अ) स्कायवॉक ग्रँड कॅनियनच्या कोणत्या भागात आहे?
आ) छोट्या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असण्याचा काय फायदा होतो?
इ) हिवाळ्यात अ‍ॅरिझोना आणि लास व्हेगास यांच्या घड्याळांत किती फरक असतो?
ई) सुपाई गावात टपाल कसं जातं?

२. कारणं सांगा.
अ) विमानात बसण्याआधी प्रवाशांचं वजन करतात.
आ) मळमळणाऱ्या माणसाने सकाळची फेरी घ्यावी.
इ) १९८८ साली ग्रँड कॅनियनच्या आकाशासाठी खास नियम आले.

३. गणित करा.
आजीचं वजन ६८ किलो. कंपनीला पौंडात किती सांगाल?

४. प्रश्न तयार करा. खालील शब्द वापरून कंपनीला विचारायचा एकेक प्रश्न मराठीत लिहा. नंतर तोच प्रश्न इंग्रजीत मोठ्याने विचारून बघा.
कुठून, किती मिनिटं, कोणत्या भागावर, रद्द झाली तर, प्रत्येकाला

५. वाक्यात उपयोग करा. वर दिलेल्या चार वाक्प्रचारांपैकी कोणतेही दोन निवडा आणि सहलीबद्दल वाक्यं लिहा.

६. अर्थ ओळखा. खालील वाक्यांचे दोन-दोन अर्थ होऊ शकतात. दोन्ही लिहा.
अ) “चालेल.”
आ) “तुम्ही जाऊन या, मी बसते इथे.”

७. घरी करा. तुमच्या आजी, आजोबा किंवा घरातल्या कोणाही मोठ्या माणसाला फोन करा. त्यांना कुठली जागा बघायची इच्छा आहे आणि तिथे जाताना कशाची काळजी वाटते, हे मराठीत विचारा. मध्येच तोडू नका, उत्तर सुचवू नका. त्यांनी वापरलेले तुम्हाला नवे असलेले पाच शब्द वहीत लिहा आणि पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवा.